वन-वेचा फलक सायकलवाल्याला लागू होतो का?

‘सायकलला कसला आलाय वन-वे?’ हे वाक्य मी महाडच्या बाजारपेठेत लहानपणापासून ऐकत आलो आहे. बोलणारा कधी पाववाला असतो, कधी दूधवाला, कधी शाळकरी मुलगा. समोरून रिक्षावाला ओरडतो, ‘चाचा, नो एन्ट्री आहे!’ आणि चाचा हे वाक्य फेकून पुढे निघून जातात. दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. कायदा कोणीच उघडून पाहिलेला नसतो.

वाद किरकोळ वाटतो. पण त्याच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि पुढे एक गंभीर प्रश्न. रस्ता मुळात कोणाचा? त्यावर बंधन घालण्याचा अधिकार कोणाला, आणि कुठपर्यंत? उलट्या दिशेने जाणाऱ्या सायकलवाल्याला उद्या मोटारीने ठोकरले, तर त्याच्या घरच्यांना काय मिळणार? म्हणून हा प्रश्न नीट सोडवून पाहायचे ठरवले.

उत्तर आधीच सांगतो. हो, फलक सायकललाही लागू होऊ शकतो. पण आपण समजतो त्या कायद्याने नाही.

सायकल ‘गाडी’ कधी झाली?

सायकल रस्त्यावर आली तेव्हा कायद्यात तिच्यासाठी शब्दच नव्हता. इंग्लंडचा महामार्ग कायदा १८३५ चा. त्यात घोडागाडी भरधाव हाकणाऱ्याला शिक्षा होती. १८७९ मध्ये भरधाव सायकल चालवल्याचे एक प्रकरण वरच्या न्यायालयात गेले, टेलर विरुद्ध गुडविन. प्रश्न असा होता की, जिला घोडा नाही, लगाम नाही, ती वस्तू ‘गाडी’ कशी? न्यायाधीशांनी कायद्याचा हेतू पाहिला. रस्त्यावरून माणसाला वाहून नेते आणि वेगाने इतरांना इजा करू शकते, म्हणून ती गाडीच, असा निकाल दिला. १८८८ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक स्वराज्य कायद्यानेही सायकलला गाडीचा दर्जा दिला.

या दर्जाने सायकलवाल्यावर जबाबदारी आली, तसा हक्कही आला. गाडी असल्यामुळे तिला रस्त्यावर जागा मिळाली. ‘रस्ता घोडागाड्यांचा, तुम्ही बाजूला व्हा’ असे त्यानंतर कोणी म्हणू शकले नाही.

आपल्याकडची गोष्ट अशीच. भारतीय दंडसंहिता १८६० ची, म्हणजे आजची सायकल जन्माला येण्याआधीची. तिच्या कलम २७९ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला आणि स्वारी करणाऱ्यालाही शिक्षा होती. त्यात ‘मोटार’ हा शब्द नाही, त्यामुळे सायकलस्वार आपोआप त्यात आला. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे. बेदरकार सायकल चालवून कोणाचा जीव धोक्यात घातला तर ‘माझी तर साधी सायकल’ हा बचाव पहिल्या दिवसापासून नव्हता.

फलक कोणासाठी आला?

एकेरी रस्त्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. १६१७ मध्ये लंडनच्या थेम्स नदीकाठच्या अरुंद गल्ल्यांत मालगाड्यांची कोंडी होई, म्हणून त्यांना एकाच दिशेने जाण्याचा हुकूम निघाला होता. पुढे लंडनच्याच अल्बमार्ल रस्त्यावर हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांना इतक्या बग्ग्या येत की तो रस्ता एकेरी करावा लागला, असे सांगितले जाते. कारण दोन्हीकडे एकच. रुंद गाड्या समोरासमोर आल्या की अडकतात. पायी माणसाला किंवा दोन चाकांच्या अरुंद सायकलीला ही अडचण नसते.

मोटारी आल्या आणि हा अपवाद जगभर नियम झाला. आपल्याकडे मोटारींचा कायदा १९१४ मध्ये आला, मग १९३९ मध्ये, आणि सध्याचा १९८८ मध्ये. ‘वन-वे’चा दंड म्हटले की आपल्याला हाच कायदा आठवतो. पण तो वाचायला घेतला की गंमत कळते.

या कायद्याच्या कलम ११६ नुसार फलक लावायचा तो मोटार वाहनांच्या वाहतुकीचे नियमन करण्यासाठी. कलम ११९ म्हणते, मोटार वाहनाच्या चालकाने फलकाची आज्ञा पाळलीच पाहिजे. १९८९ च्या रस्ता नियमांत एकेरी रस्त्याचा स्वतंत्र नियम होता, त्याचीही सुरुवात ‘मोटार वाहनाच्या चालकाने’ अशीच. ‘मोटार वाहन’ म्हणजे यंत्रशक्तीने चालणारे वाहन. पायडल मारणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. म्हणजे आमचे पाववाले चाचा अर्धे बरोबर होते. मोटार वाहन कायदा त्यांना पकडत नव्हता.

पण याच कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत फलकांची चित्रे आहेत, ती पाहा. मोटारींना बंदीचा फलक वेगळा आहे. बैलगाडीला वेगळा, हातगाडीला वेगळा, टांग्याला वेगळा, सायकलला वेगळा. आपण ज्याला वन-वे म्हणतो त्याचे नाव मात्र ‘एका दिशेने वाहनांना बंदी’ असे मोघम आहे. नुसती वाहने. सगळा गोंधळ या एका शब्दात आहे.

सायकलला पकडणारे कलम

आता दुसरा कायदा. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. मुंबई शहराचा १९०२ चा आणि जिल्ह्यांचा १८९० चा असे दोन जुने पोलीस कायदे एकत्र करून तो झाला. त्यात ‘वाहन’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. हातगाडीपासून विमानापर्यंत सगळे त्यात येते, आणि सायकलचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे.

याच कायद्याचे कलम ३३ पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना रस्त्यावरच्या सर्व प्रकारच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार देते. पायी चालणारे, गाडी हाकणारे, सायकल चालवणारे, गुरे घेऊन जाणारे असे सगळे त्यात मोजलेले आहेत. कलम ९९ रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचे बंधन घालते, तेही प्रत्येक वाहनाला.

म्हणजे उत्तर फलकावर नाही, फलकामागच्या अधिसूचनेत आहे. एखादा रस्ता एकेरी करताना जो आदेश निघतो, त्याच्या पहिल्याच परिच्छेदात कलमे लिहिलेली असतात. त्यात फक्त मोटार वाहन कायद्याची ११५, ११६, ११७ ही कलमे असतील आणि बंदी मोटार वाहनांना असेल, तर सायकलवाल्याला त्या आदेशाखाली दंड करता येणार नाही, असे माझे वाचन आहे. पण पोलीस अधिनियमाचे कलम ३३ त्यात असेल आणि बंदी ‘सर्व वाहनांना’ असेल, तर सायकल अडकली. महाराष्ट्रातल्या कितीतरी आदेशांत दोन्ही कायद्यांची कलमे शेजारी शेजारी असतात. म्हणून सुरक्षित गृहीतक एकच: आदेशात सायकलला सूट लिहिलेली नसेल तर फलक तुमच्यासाठीही आहे.

बिल्ला, कंदील आणि सोडलेली हवा

आमच्या वडिलांच्या पिढीला यात नवल वाटणार नाही. त्यांच्या काळी सायकलला नगरपालिकेचा कर होता आणि कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवी. डबल सीट दिसली की अडवी. पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणत त्या दिवसांत हवालदार आणि सायकलवाला ही विनोदी कथांमधली ठरलेली जोडी होती. सायकल तेव्हा वाहन म्हणून गांभीर्याने घेतली जाई, कारण रस्त्यावर तीच बहुसंख्य होती.

मोटारसायकली आल्या, बिल्ला गेला आणि सायकल कायद्याच्या नजरेतूनच उतरली. आज ई-चलान नंबर प्लेटवर निघते. सायकलला नंबरच नाही. म्हणून हवालदाराच्या हातात जुना उपाय उरला, चाकाची हवा सोडायची. शाळेत असताना माझ्याही सायकलची हवा अशी एकदा सोडली गेली होती. व्हॉल्व्ह खिशात घालून साहेब चहाला गेले आणि मी तीन किलोमीटर सायकल ढकलत घरी आलो. आज कायदा वाचल्यावर सांगू शकतो की हवा सोडण्याची शिक्षा कोणत्याच कलमात नाही. नियम मोडला असेल तर खटला भरा, दंड करा, पावती द्या. गरिबाच्या बाबतीत पावती चुकते, हे काही आजचे नाही.

सावित्री आणि घाट

आमच्या भागाने एकेरी वाहतूक फलकापेक्षा पुलांवर जास्त पाहिली. महाडहून पोलादपूरकडे निघाले की सावित्री नदीवर दोन समांतर पूल होते. एक ब्रिटिशांच्या काळातला दगडी, दुसरा नंतरचा. एकावरून गोव्याकडे जाणारी वाहने, दुसऱ्यावरून मुंबईकडे येणारी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना पूल कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी बसगाड्या त्यासोबत गेल्या. दोन्ही मुंबईकडे चाललेल्या होत्या, कारण जुना पूल त्या दिशेचा होता. पुढे २०१७ च्या पावसाळ्याच्या तोंडावर नवा पूल उभा राहिला.

त्या जुळ्या पुलांच्या काळात आसपासच्या वाड्यांतले सायकलवाले जो पूल जवळ पडेल तो धरत. मोटारवाल्याला थोडे पुढे जाऊन वळून येणे म्हणजे दोन मिनिटे. पाठीवर पावांची टोपली बांधलेल्या माणसाला तेच अंतर उन्हात किंवा पावसात पायांनी कापावे लागते. वन-वेची किंमत मोटारवाला पेट्रोलमध्ये मोजतो आणि सायकलवाला घामात. कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो.

पण सगळे कायदे असे आंधळे नाहीत. तळीयेसारख्या डोंगरातल्या गावांकडे चढणारे रस्ते घ्या. एका गाडीची जेमतेम रुंदी, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे वन-वे करून चालणार नाही, कारण दुसरा रस्ताच नसतो. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली तेव्हा पुराने आणि जागोजागी पडलेल्या दरडींनी रस्ते तुटले आणि मदत पोहोचायला मोलाचे तास गेले. एकुलता रस्ता म्हणजे काय, हे त्या गावाने फार मोठी किंमत देऊन पाहिले.

अशा रस्त्यांसाठी १९८९ च्या नियमांत एक सुंदर नियम होता. घाटात वाट अरुंद असेल तर उतरणाऱ्या मोटारचालकाने थांबून चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. ज्याला चढ आहे, ज्याचे कष्ट जास्त आहेत, त्याला पहिला मान. इथे चढणाऱ्यासाठी शब्द नुसता ‘वाहन’ आहे, ‘मोटार वाहन’ नाही. चढावर दम लागलेल्या सायकलवाल्यालाही तो मान मिळतो. २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, त्यांत पायी चालणारे, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याचे बंधन चालकांवर घातले आहे. दुबळ्याला आधी वाट, ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. शहरातल्या फलकापाशी येईपर्यंत आपण ती विसरतो, एवढेच.

रस्ता कोणाचा?

महाडमध्ये हा प्रश्न विचारला की चवदार तळे आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले. नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावर राहिला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती दिली फत्तेखान या स्थानिक मुसलमानाने. पुढे तळे खासगी आहे आणि रूढी अनादी काळाची आहे, असा दावा विरोधकांनी न्यायालयात लावला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला तो फेटाळला.

वन-वे आणि चवदार तळे यांची बरोबरी करणे म्हणजे त्या लढ्याचा अपमान. मी फरक दाखवण्यासाठी ते आठवतो आहे. तळ्यावरची बंदी ‘तू कोण आहेस’ यावर होती. वन-वेचा नियम ‘तू कोणत्या दिशेने चाललास’ एवढेच विचारतो. पहिली बंदी मोडणे कर्तव्य होते. दुसरा नियम, तो सर्वांसाठी आणि सर्वांच्या सुरक्षेसाठी असेल तोवर, पाळणे हे कर्तव्य आहे.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा रस्त्यावर आखली. १९५४ मध्ये बुलंदशहर-दिल्ली मार्गावर बस चालवणाऱ्या सगीर अहमद यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक रस्ता वापरणे हा नागरिकांचा हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नाही. सरकार हे रस्त्याचे विश्वस्त आहे. १९७२ मध्ये हिंमतलाल शाह विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या खटल्यात वर सांगितलेल्या कलम ३३ खालचाच एक नियम न्यायालयाने रद्द केला. तो सभांबद्दल होता, पण तत्त्व तेच. पोलिसांनी नियमन करावे, मनमानी करू नये.

ही रेषा कुठे ओलांडली जाते, ते कोलकात्यात दिसले. २०१३ मध्ये तिथल्या पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी केली. मोटारींचा वेग वाढावा म्हणून दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला रस्त्यावरूनच हटवणे, याला नियमन म्हणता येत नाही. दिशा विचारणारा नियम तिथे पुन्हा ‘तू कोण’ हे विचारू लागला.

अपघात झाला तर?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. दंड दोनशे रुपयांचा की पाचशेचा, हा प्रश्न लहान आहे. खरा प्रश्न मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उभा राहतो. उलट दिशेने जाणारा सायकलस्वार मोटारीखाली आला तर विमा कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो: हा वन-वेत चुकीच्या बाजूने येत होता. याला कायद्यात सहनिष्काळजीपणा म्हणतात. तो सिद्ध झाला तर कलम १६६ खालची भरपाई त्या प्रमाणात कापली जाते.

पण लक्षात ठेवा, कापली जाते, बुडत नाही. आणि नुसता नियम मोडला म्हणूनही कापता येत नाही. मोहम्मद सिद्दीक विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून खालच्या न्यायालयाने भरपाई कमी केली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, तिघे बसणे हा नियमभंग असेल, पण त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येणार नाही. सायकलस्वाराच्या घरच्यांनी आणि त्यांच्या वकिलाने हा निकाल हाताशी ठेवावा. शिवाय कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची भरपाई मागता येते. घरातला कमावता गेल्यावर ‘त्याचीच चूक होती’ एवढे ऐकून गप्प बसणारी कुटुंबे मी आपल्या मोहल्ल्यांत पाहिली आहेत. गप्प बसू नका.

मग करायचे काय?

बेल्जियमने २००४ पासून असा नियम केला की रुंदी पुरेशी असलेल्या एकेरी रस्त्यांवर सायकलला दोन्ही दिशा खुल्या ठेवायच्या. फ्रान्सने २००८ मध्ये ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेच्या भागांत तेच केले. फलक तोच राहिला, खाली एक छोटी पाटी आली: ‘सायकल वगळून’. तिथेही सायकलस्वार फलक पाळतो. फलकच बदलून घेतला गेला आहे.

आपल्याकडेही मुख्य फलकाखाली जोडपाटी लावता येते. अनेक शहरांत रस्ता एकेरी करण्याआधी तात्पुरता आदेश निघतो आणि नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या बहुधा व्यापारी आणि मोटारवाले देतात. यंत्रमागावर जाणारा कामगार, पाववाला, शाळकरी मुलगी यांच्यातर्फे कोणी अर्ज करत नाही. मशिदीची जमात, तरुण मंडळ, शाळेची पालक सभा, कोणीही हे पत्र लिहू शकते. ‘हा रस्ता इतका रुंद आहे, इथून रोज इतक्या सायकली जातात, वळसा इतका पडतो, सायकल वगळावी’ एवढ्या चार ओळी पुरतात. गल्ली खरोखर अरुंद असेल आणि बसगाड्या भरधाव येत असतील, तर सूट मागूही नये.

आणि ती पाटी लागेपर्यंत? सायकलवरून उतरा आणि कडेने हाताने ढकलत न्या. उतरलेला माणूस पायी चालणारा असतो, आणि पायी चालणाऱ्याला वन-वे नसतो. पाववाल्या चाचांना मी एवढेच सांगेन की रस्ता तुमचाही आहे, म्हणूनच त्याचा नियमही तुमचा आहे. नियम जाचत असेल तर तो बदलून मागण्याचा हक्कही तुमचाच आहे.